‘आलं का?’ हा प्रश्न आधी माझ्या पत्रकावर होता

संपादकांनी हा लेख आधी बिनॉयकडे मागितला होता. मला ते कळू नये अशी काळजी त्यांनी घेतली, पण बिनॉयच्या पोटात काही राहत नाही. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “ताई, दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला होता. गाण्याची पार्श्वभूमी लिहा म्हणाले. पार्श्वभूमी म्हणजे बॅकग्राउंड ना? मी बोललो, बॅकग्राउंडमध्ये तर तृप्तीताई आहे, तिलाच विचारा.”

हे तो कौतुकाने बोलला. मला ते लागलं. गाणं पुढे आणि मी मागे, नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखी.

तेव्हा आधीच सांगून टाकते. ‘ड्राय डे’ या बँडच्या ‘आलं का?’ या गाण्याबद्दल मी तटस्थपणे लिहिणार नाही. मला त्या गाण्याचा हेवा वाटतो. तेव्हाही वाटत होता, आजही वाटतो. ते गाणं ऐकून ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं त्यांनी पुढे जरूर वाचावं, कारण ते पाणी नेमकं कुठून येतं हे मला माहीत आहे. बांधकामाच्या लाइनमधून.

मी पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. दहिसरच्याही पलीकडे, हाटकेशच्या पुढे आमचं कॉम्प्लेक्स. गिरगाव-परळ सोडून आलेले, रत्नागिरी-रायगडचे, केरळचे, गुजरातचे, उत्तर प्रदेशचे, सगळे एकाच बिल्डरच्या ब्रोशरला भुलून इथे आले. ब्रोशरमध्ये कारंजं होतं. प्रत्यक्षात त्या बिल्डरने, म्हणजे आमच्या शेठने, इमारती बांधताना सिमेंट कालवायला जी बारीक लाइन घेतली होती, तीच आम्हाला प्यायला ठेवली. मोठी लाइन ‘टाकतोय, टाकतोय’ म्हणता म्हणता आमच्याकडची पोरं शाळेतून कॉलेजात गेली. पाणी एक दिवसाआड, सकाळी थोडा वेळ, आणि तो वेळ कोणता हे पाण्यालाच ठाऊक. बाकी टँकर. याविरुद्ध आमची समिती झाली. समितीची पत्रकं मी लिहायची, आणि रिक्षावरच्या भोंग्यातून फिरते ती अनाउन्समेंटही मीच. आई अजून विचारते, “हे काम आहे का गं?” आहे. कसं ते सांगते.

पत्रक लोक वाचतात हा गैरसमज आहे. लोक पत्रक घेतात. घेताक्षणी त्यांचा अंगठा त्याची घडी घालायला लागतो. ती घडी पडायच्या आत पहिली ओळ डोळ्यांत शिरली तर तुमचं नशीब. घडी मधोमध पडते, म्हणून महत्त्वाचं काहीही मधोमध ठेवायचं नाही. वर ‘जाहीर निषेध’ लिहायचं नाही, कारण निषेध रोजच जाहीर असतो. एक प्रश्न विचारायचा, आणि खाली सभेची जागा नि वेळ द्यायची. संपलं. आमच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांना प्रत्येक पत्रकात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ घालायचं असायचं. त्यांचं उपरोक्त काढण्यात माझं तारुण्य चाललंय.

रिक्षाचं गणित आणखी कठीण. रिक्षा चालत असते. तिसऱ्या मजल्यावर भाजी चिरणाऱ्या बाईला तुमचं बोलणं इमारतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच ऐकू येणार. वाक्य तेवढ्यात संपायला हवं. आणि सगळ्यात मोठा नियम: मध्ये थांबायचं नाही. भोंगा गप्प झाला की बाईला वाटतं रिक्षा गेली, ती पुन्हा भाजीकडे वळते. गप्प बसलेला भोंगा म्हणजे वाया गेलेला रस्ता. हा नियम लक्षात ठेवा. माझा घात यानेच केला.

आता ‘आलं का?’ कुठून आलं ते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ‘पाणी’ हा शब्द कुणी उच्चारतच नाही. जिन्यात, लिफ्टपाशी, वाण्याकडे नुसतं विचारायचं, “आलं?” समोरचा म्हणणार, “कुठलं!” काय आलं, हे विचारणारा माणूस पाहुणा समजावा. माझ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मंदाकाकू राहतात, मूळच्या माणगावकडच्या. त्या रोज सकाळी गॅलरीत येऊन समोरच्या इमारतीकडे तोंड करून हाक घालायच्या, “आलं का गोऽऽ?” समोर नसीमभाभी. त्यांच्या इमारतीला पाणी आमच्या आधी चढायचं, म्हणून त्यांना विचारायचं. भाभी ओढणी सावरत बाहेर येऊन ओरडायच्या, “नहीं आया काकूऽऽ!” मग दोघी आत जायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

हे सगळे जण रोज ऐकत होते. कबूल. पण त्यातले दोन शब्द उचलून, कागदाच्या वरच्या टोकाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड टायपात बसवायचे हे कुणाला सुचलं? मला. प्रेसवाला म्हणाला, “ताई, दोनच शब्दांना एवढी जागा? अजून काहीतरी टाका, कागद मोकळा दिसतोय.” मी म्हटलं, मोकळाच दिसू दे. नळासारखा. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला मथळा होता तो. सभेला माणसं आली, उभी राहायला जागा पुरली नाही.

मग ठरलं, हाच प्रश्न रिक्षावरून फिरवायचा आणि तोही मंदाकाकूंच्याच आवाजात. त्यासाठी प्रवीणभाईंच्या गाळ्यात गेलो.

प्रवीणभाईंचा गाळा हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, म्हणजे झाला स्टुडिओ. शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा कारखाना. त्यांची मशीन सुरू असेपर्यंत इथे रेकॉर्डिंग अशक्य, त्यामुळे सगळं जग पॉलिशवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत इथे जमायचं. क्लासेसवाले, दंतवैद्य, साडीवाले, आम्ही. एकदा प्रवीणभाईंनी आमच्या मोर्च्याची अनाउन्समेंट आणि एका साडीसेलची अनाउन्समेंट एकाच सीडीवर मारून दिली. पेणकरपाड्यातून रिक्षा फिरली: “पाण्यासाठी सर्वांनी रस्त्यावर उतरा! जरीकाठ, सेमी पैठणी, स्टॉक मर्यादित!” बायका खरंच रस्त्यावर उतरल्या. साड्या कुठे आहेत म्हणून मला धरलं. मी त्यांना तिथेच पाण्याबद्दल भाषण दिलं आणि त्यातल्या काही मोर्च्याला आल्याही. संधी सोडायची नाही हे आमच्या धंद्याचं ब्रीद.

त्याच गाळ्यात, त्याच सुट्टीत, ‘ड्राय डे’ची पोरं तालमीला यायची. चौघं, काळे टी-शर्ट, केस कपाळावर. नाव त्यांनी दारूबंदीच्या दिवसावरून ठेवलं होतं. आमच्याकडे ड्राय डे म्हणजे पाणी न येण्याचा दिवस, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. इंग्रजीत किंचाळायचे. गाणारा बिनॉय माझ्याच इमारतीतला, मंदाकाकूंच्या खालच्या मजल्यावरचा.

त्या दिवशी ती पोरं दाराशी गिटारी घेऊन आमचं कधी संपतंय याची वाट बघत होती. काकू माइकसमोर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि गॅलरीत घालतात तशी हाक घातली, “आलं का गोऽऽ?” आणि थांबल्या.

मी हात हलवला, बोला, पुढचं बोला. काकू गप्प.

“काकू, थांबता काय? पुढे ‘रविवारी सभेला या’ म्हणायचंय ना?”

“अगो, ती काहीतरी बोलेल ना.”

“कोण?”

“नसीम.”

“नसीमभाभी रिक्षात नाहीयेत काकू! तुम्ही विचारायचं आणि लगेच पुढे बोलायचं.”

“विचारलं की थांबायचं नाही? मग विचारायचं कशाला?”

प्रवीणभाई खो खो हसले. पुन्हा घेतलं, काकू पुन्हा थांबल्या. परत परत घेतलं. इकडे पॉलिशवाल्यांचे डबे धुवायचा आवाज यायला लागला. शेवटी मी म्हटलं, “प्रवीणभाई, ती मधली जागा कापून टाका.”

“कापून टाकतो, तृप्तीबेन.”

दारातून बिनॉय म्हणाला, “अरे यार, वो गॅप ही तो अच्छा था.”

मी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. आम्हाला कार्यकर्त्यांना कोण काय म्हणतंय यापेक्षा रिक्षा कधी निघणार याची चिंता जास्त.

रिक्षा फिरली, सभा झाल्या. आणि काही महिन्यांनी, वरसाव्याहून परत येताना शेअर रिक्षात, शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर मी ते ऐकलं. एक सावकाश गिटार, आणि बिनॉयचा आवाज, न किंचाळता:

खिडकीत उभी तू, हात कोरडे,
आलं का गो… आलं का?

आणि मग काहीच नाही. ड्रम नाही, गिटार नाही. श्वास घ्यायला लागतो तेवढी मोकळी जागा. मग पुढची ओळ.

मुलगी डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, हे काय आहे? “दीदी, बॅलड आहे. ड्राय डेचं. सिंगल आलंय ना.” तिने मला समजावून सांगितलं, तसं तुम्हालाही सांगते: दणदणाट करणाऱ्या बँडने एखादंच हळू, प्रेमभंगाचं गाणं केलं की त्याला बॅलड म्हणतात; अख्खा अल्बम न काढता ते एकच गाणं बाजारात आणलं की ते सिंगल. म्हणजे आमच्या भाषेत, पुस्तिका न काढता पत्रक काढणं. तेही माझंच, पाहा.

पंधरवड्यात ते गाणं सगळीकडे होतं. फोन करावा तर कॉलर ट्यून तीच. वाण्याकडे तेच. आमच्या घरात भांडी घासताना आई ते गुणगुणत होती. जी बाई माझं एकही पत्रक शेवटपर्यंत वाचत नाही तिला अख्खं गाणं पाठ, मधल्या गिटारच्या ट्याँव ट्याँवसकट. मी म्हटलं, “आई, ही माझी ओळ आहे.” आई म्हणाली, “हो? मग तू का नाही गायलीस?”

बिनॉयला मी जिन्यातच गाठलं. लिफ्ट बंद, दोघांच्याही हातात टँकरच्या पाण्याचे कॅन.

“बिनॉय, ती ओळ माझी आहे.”

“कुठली?”

“‘आलं का.’”

“ताई, ती तर मंदाकाकूची आहे.”

“काकूंच्या तोंडची आहे. पत्रकावर मी आणली.”

“पत्रक कुठलं?”

हा प्रश्न त्याने निष्पापपणे विचारला, म्हणून तर जास्त झोंबला. प्रत्येक दाराखालून मी स्वतःच्या हाताने सरकवलं होतं ते.

“हां, ते पिवळं?” त्याला आठवलं. “मम्मीने पापडाच्या डब्यात खाली घातलंय ना. ताई, खरं सांगू? मी केरळाहून तिसरीत आलो इथे. मराठी काहीच यायचं नाही. पहिलं वाक्य शिकलो ते हेच. मला वाटायचं काकूंकडे कोणीतरी यायचंय. रोज सकाळी विचारतात, आणि रोज समोरून, नहीं आया. मला एवढं वाईट वाटायचं! मग मम्मीला विचारलं. ती बोलली, वेड्या, पाणी. पण तोपर्यंत माझं वाईट वाटून झालं होतं ना.”

मी कॅन खाली ठेवला. “अरे, व्याकरण तरी बघायचंस. पुरुष यायचा असता तर ‘आला का’ म्हणाल्या असत्या. बाई असती तर ‘आली का’. ‘आलं’ म्हणजे पाणीच.”

“मला काय माहीत? मला वाटलं रिस्पेक्ट देतात.”

असल्या चुकीवर गाणं होतं आणि ते लोकांच्या काळजाला भिडतं! मी शुद्ध लिहिते, प्रूफ दोनदा तपासते, आणि पापडाखाली जाते.

मी त्याला एक अट घातली. यापुढे स्टेजवर हे गाणं म्हणायच्या आधी सांगायचं की हे पाण्याबद्दल आहे, आमच्या कॉम्प्लेक्सला पाणी नाही. बिनॉय कानामागे खाजवत म्हणाला, “सांगितलं तर गाणं सुरू व्हायच्या आधीच संपतं, ताई. पण ट्राय करतो.” एका कॉलेजच्या कार्यक्रमात त्याने ट्राय केलं. मी मुद्दाम गेले होते. माइकवर म्हणाला, “ये गाना पानी के बारे में है… म्हणजे आहे, पण तसं नाही पण.” आणि सुरू. पोरापोरींनी मोबाइलचे दिवे हवेत धरले. मी मागे उभी होते. माझ्या सभेत मोबाइल वाजतात, पेटत नाहीत.

यानंतर जे झालं त्यामुळे हेव्याची जागा रागाने घेतली. शेठने फेज टू काढली. आमच्या गॅलऱ्यांच्या समोरच्या मोकळ्या मैदानात बुकिंगचा सोहळा, मंडप, खाणंपिणं, आणि संध्याकाळी ‘आपल्याच कॉम्प्लेक्सचं टॅलेंट: ड्राय डे’. बॅनरवर मोठ्या अक्षरांत ‘आलं का?’ आणि खाली उत्तर, ‘आलं! तुमच्या स्वप्नातलं घर!’

बॅनरखाली उभी राहून मी ते दोनदा वाचलं. ज्याच्यामुळे आलं नाही, तोच विचारतोय आलं का! पुढच्या आठवड्यात आमचा शेठच्या ऑफिसवर मोर्चा होता. हा प्रश्न त्या स्टेजवर एकदा करमणूक झाला, की मोर्च्यात तो कोण गंभीरपणे घेणार? लोक घोषणा द्यायच्या ऐवजी ताल धरणार. तेवढे दोन शब्द आमच्या हातात होते. बाकी आमच्याकडे होतं काय?

गाळ्यात गेले. “बिनॉय, तू त्याच्या स्टेजवर हे गाणार?”

“ताई, एवढं मोठं साउंड आम्हाला कोण देतं?”

“लाज वाटत नाही?”

“वाटते थोडी. पण साउंड बघ ना.” आणि तो खाली बघून वायर गुंडाळत बसला. ड्रमर म्हणाला, “दीदी, हम आर्टिस्ट हैं, पॉलिटिकल नहीं.” मी म्हटलं, “घरी जाऊन आंघोळ कर, मग सांग कोण पॉलिटिकल आहे ते.”

मी रातोरात नाही, भर दुपारी, संतापाने पत्रक लिहिलं: बहिष्कार. मैदानात कुणीही पाऊल टाकायचं नाही. घरोघर गेले, एकेकाला समजावलं. बहुतेकांनी मान डोलावली. मंदाकाकूंनी नाही.

“मी जाणार. माझं गाणं आहे ते.”

“काकू, स्टेज बिल्डरचं आहे.”

“स्टेज त्याचं असू दे. मी कुठे स्टेजवर चढतेय? मी खुर्चीवर बसणार.”

“काकू, हे तत्त्वाचं आहे.”

“तुझं तत्त्व तू सांभाळ बाय. मला कधी कुणी गाण्यात घातलं नव्हतं.”

सोहळ्याच्या संध्याकाळी मी मंडपाच्या दारात पत्रकं घेऊन उभी राहिले. दहिसर-मालाडकडून घर बघायला आलेली कुटुंबं आत जात होती. माझं पत्रक घ्यायची आणि त्याने खुर्चीवरची धूळ पुसायची. काही जण वारा घेत होते. आत टेबलावर फेज टूचं मॉडेल, त्यात पुन्हा कारंजं, निळ्या प्लास्टिकचं. पहिल्या रांगेत मंदाकाकू, ठेवणीतली साडी नेसून, हातात पॉपकॉर्न.

बँडने आधी आपला नेहमीचा गोंगाट केला. मग दिवे मंद झाले, ती सावकाश गिटार सुरू झाली. मी कान बंद करणार होते. नाही केले. बिनॉयने डोळे मिटून उचललं:

“आलं का गो… आलं का?”

आणि थांबला. ती मोकळी जागा आली. एवढ्या मोठ्या साउंडवर ती केवढी मोठी वाटली! सबंध मैदान गप्प.

आणि समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून, सवयीने, नसीमभाभींचा आवाज आला:

“नहीं आया काकूऽऽ!”

मंडपात हशा पिकला. काकू खुर्चीतून उठून वळल्या आणि त्यांनी हात हलवला. बिनॉयने डोळे उघडले. मला वाटलं आता तो गडबडणार. तो हसला. पुढची ओळ म्हणालाच नाही. पुन्हा तेच म्हणाला, “आलं का गो… आलं का?” आणि माइक गॅलऱ्यांकडे धरला.

“नाही आलंऽऽ!”

या वेळी सगळ्या गॅलऱ्या होत्या. डावीकडून मराठीत, उजवीकडून हिंदीत, वरच्या मजल्यावरून कुणी गुजरातीत. कुणीतरी रिकामी बादली वाजवायला घेतली. ड्रमरने, त्या आर्टिस्टने, तोच ताल उचलला. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. शेठची माणसं साउंडवाल्याला खुणा करत होती. साउंडवाले कोण? प्रवीणभाई. ते ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून कानाला हात लावत होते.

घर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी मंदाकाकूंना विचारलं, “आंटी, क्या नहीं आया?”

काकूंनी पॉपकॉर्न पुढे केलं. “पाणी हो. तुम्ही इकडे घर घेताय का? मग पिंप पण घ्या. मोठं घ्या.”

ते वाक्य रांगेतून मागे मागे सरकत गेलेलं मी स्वतः पाहिलं. माणसं मॉडेलमधल्या कारंज्याकडे वळून बघायला लागली. बाया नवऱ्यांच्या कानाशी लागल्या. शेवटी शेठना स्वतः स्टेजवर यावं लागलं. घाम पुसत, गिऱ्हाइकांसमोर, माइकवर त्यांनी सांगितलं की मोठ्या लाइनचं काम लगेच सुरू होतंय. आजवर आम्हाला केबिनमध्ये सांगितलं होतं, ते पहिल्यांदा भोंग्यावर सांगितलं. न करून जाणार कुठे? फेज टू विकायची होती. पाऊस सरायच्या आत मोठी लाइन आली.

आता माझं म्हणणं ऐका. लोक म्हणतात, गाण्याने पाणी आणलं. फोनवर म्हणतात, लग्नांत म्हणतात, माझ्यासमोर म्हणतात. अर्ज कुणी केले? लाइन कुठपर्यंत आली आणि कुठे अडकली याचा माग कुणी काढला? शेठच्या दारात उन्हात कोण बसलं? आणि सर्वांत महत्त्वाचं: त्या संध्याकाळी माणसं गॅलरीत का होती? माझ्या बहिष्कारामुळे! सगळे मंडपात बसले असते तर टाळ्या वाजवून, वडे खाऊन घरी गेले असते. गॅलरीतून उत्तर द्यायला गॅलरीत कुणीतरी असावं लागतं. हे कुणी बोलत नाही. गाण्याची सीडी पुन्हा निघाली तेव्हा तिच्यावर बँडने आभार मानलेत: मंदाकाकू, नसीमभाभी, प्रवीणभाई. मी विचारलं, माझं नाव? बिनॉय म्हणाला, “टाकणारच होतो ताई. पण काय म्हणून टाकू, ते सुचेना.”

मलाही चटकन सुचलं नाही. याचा राग मला त्याच्यापेक्षा जास्त आला.

मंदाकाकूंना एकदा विचारलं, तुम्हाला माझं पत्रक आवडलं होतं की गाणं? म्हणाल्या, “पत्रक चांगलं होतं गो. पण तू विचारलंस आणि खाली लगेच सभेची वेळ घातलीस. आम्ही बोलायचं कुठे?” मग गॅलरीत गेल्या. नळाला पाणी होतं, सिंकमध्ये वाहत होतं, तरी त्यांनी हाक घातली, “आलं का गोऽऽ?” समोरून भाभी, “आया काकू, आया!” नवीन मजकूर काही नव्हता. दोघी आपापल्या कठड्याला टेकून हसत राहिल्या.

मी शिकत नाही असं नाही. सध्या आमची मोहीम बससाठी आहे. कॉम्प्लेक्सपर्यंत बस येत नाही, म्हातारी माणसं नाक्यापर्यंत चालतात. या वेळी मी स्वतः माइकसमोर उभी राहिले आणि प्रवीणभाईंना सांगितलं, ‘बस आली का?’ नंतर जागा सोडा.

“गॅप? तुम्ही? तृप्तीबेन, तब्येत बरी आहे ना?”

“सोडा म्हटलं ना.”

रिक्षा फिरली. मी मागून चालत होते, कान गॅलऱ्यांकडे लावून. भोंग्यातून माझा आवाज: “बस आली का?” मग ती मोकळी जागा. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना बोलायला सोडलेली. आणि गॅलरी-गॅलरीतून, बायका, पोरं, म्हातारे, सगळे एका सुरात गायला लागले, “आलं का गोऽ… आलं काऽ?” शेवटच्या इमारतीपर्यंत. बसचं कुणाच्या ध्यानीमनी नाही.

त्या रागात मी नव्या पत्रकाच्या तळाशी ठळक टायपात एक ओळ छापून घेतली: ‘हे गाणं नाही.’ आणि एकेका दाराखालून सरकवत निघाले. बिनॉयच्या दाराशी वाकले तर त्याने दारच उघडलं. पत्रक हातात घेतलं. या वेळी घडी घातली नाही. वरून खालपर्यंत वाचलं आणि तळाशी येऊन थांबला.

“ताई,” म्हणाला, “ही लाइन मस्त आहे. घेऊ का?”